तीनशे बारावी पायरी

पहाटे साडेचारला बस थांबली, तेव्हा उतरणारी ती एकटीच होती. बाकीचे प्रवासी पुढच्या गावांचे. ते तोंडावर शाली ओढून खुशाल घोरत होते. डोंगरातल्या त्या शहराची थंडी दारातून आत घुसली तशी दोघातिघांनी झोपेतच शिव्या हासडल्या. थंडीला की उतरणाऱ्या बाईला, ते काही स्पष्ट झालं नाही.

"मॅडम, अजून मिट्ट काळोख आहे," कंडक्टर म्हणाला. "उजाडेपर्यंत तिथं बाकावर बसा. नाहीतर घरून कुणाला तरी बोलवून घ्या."

"मी इथलीच आहे," ती म्हणाली.

इथलीच, तर काय! अठ्ठावीस वर्षांपूर्वी गाव सोडलेलं आणि गेल्या चार वर्षांत इकडे फिरकलेलीही नाही. पण जन्मगावाच्या बाबतीत असले किरकोळ हिशेब कोणी धरत नाही. कंडक्टरनं खांदे उडवले, बस निघून गेली, आणि बाई एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी घेऊन धुक्यात उभ्या राहिल्या.

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. वय अठ्ठेचाळीस, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तरी धाकटीच. ऑफिसात मात्र तिला धाकटी म्हणायची कुणाची छाती नव्हती. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ती बावीस वर्षं होती. न सांगतासवरता परीक्षा केंद्रावर जाऊन धडकायचं आणि कॉपी करणाऱ्यांना रंगेहाथ पकडायचं, हे तिचं काम. पोरं तिला मागून 'भरारी पथक' म्हणायची. हे तिला माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं.

आजची मोहीमही तशीच होती, फक्त केंद्र म्हणजे तिच्या वडिलांचं घर.

त्याचं असं झालं. ताई, दादा आणि धाकटी, अशा तिघांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. नाव 'बाबांची काळजी'. त्यात बाबा नव्हते. त्यांना आत घेतलं असतं तर काळजी मोकळेपणानं करता आली नसती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. हवामान खात्यातून निवृत्त झालेले बाबा, वय शहात्तर, त्या उंच पायऱ्यांवरच्या घरात एकटे राहत होते. फोन केला की म्हणायचे, मजेत आहे. आता शहात्तराव्या वर्षी एकटा माणूस मजेत कसा असेल? म्हणजे काहीतरी लपवत असणार, यावर तिघांचं एकमत होतं. एरवी तिघांचं एकमत आईच्या साड्या वाटून घेतानाही झालं नव्हतं.

दादानं आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबांसाठी एक खोली रंगवून घेतली होती. खिडकीला जाळी, न्हाणीघरात धरायला दांडा, सगळं तयार. बाबा काही केल्या यायला तयार नव्हते. तेव्हा असं ठरलं, की धाकटीनं न कळवता पहाटे जाऊन धडकायचं आणि बाबांचं खरं काय चाललंय ते बघायचं. दादानं इंटरनेटवरून वृद्धांच्या स्मरणशक्तीचा एक तक्ता काढून दिला होता, दहा प्रश्नांचा. पाचाच्या खाली गुण पडले की दादा त्याच दिवशी गाडी घेऊन येणार आणि बाबांना घेऊन जाणार. मग बाबांनी कितीही आदळआपट केली तरी ऐकायचं नाही. घर ठेवायचं की सोडायचं, हे आता धाकटीच्या पेनावर होतं.

स्टँड नवाकोरा दिसत होता. फरशी, कठडे, गाड्या लावायला मोठं पटांगण. 'बरीच सुधारणा केलीय मेल्यांनी,' असं मनात म्हणत ती पलीकडे गेली, आणि समोर तिच्या ओळखीच्या दगडी पायऱ्या धुक्यात वर चढत गेलेल्या दिसल्या.

या शहरात रस्त्यांना नावं होती, पण ती फक्त पालिकेला माहीत. माणसं पत्ता सांगायची तो पायरीवरून. डोंगराच्या अंगावर सरळ वर गेलेली एक वाट, तिला सातशेच्या वर पायऱ्या, आणि दोन्ही अंगांना घरं. शिंपी एकशे चाळिसाव्या पायरीवर, दवाखाना दोनशे सहाव्या. पोरं शाळेत आकडे शिकायच्या आधी पायऱ्यांवर शिकायची. धाकटीचं घर तीनशे बारावी पायरी, डाव्या हाताला. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

ती मोजत चढू लागली. शंभरापर्यंत रुबाबात. दीडशेला एकदा थांबली, पण ते देखावा बघायला. देखावा म्हणजे धुकं. दोनशेला बॅग खाली ठेवून तिनं गुडघ्यांना चार शब्द सुनावले. आणि अडीचशेच्या पुढे, खरं सांगायचं तर, तिनं थांबणंच सोडून दिलं. बाबा पडलेले असले तर? आतल्या खोलीत, जमिनीवर, कालपासून? तक्ता, गाडी, रंगवलेली खोली, हे सगळं एकीकडे राहिलं. बाबा दार उघडतील ना, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळायला लागलं. तिचा बापावर फार जीव होता. फक्त तो दाखवायचा कसा, हे तिला तपासणीखेरीज येत नव्हतं.

तीनशे अकरा. तीनशे बारा. डावा हात.

आता इथं बाईसाहेबांचं चुकलं होतं, ते सांगून टाकतो. नवा स्टँड बांधताना पालिकेनं खालचा उतार भरून सपाट केला, आणि त्यात खालच्या अडतीस पायऱ्या गाडल्या गेल्या. पण म्हणून आपले नंबर बदलतील तर ते या शहरातले लोक कसले! त्यांनी उरलेली पहिली पायरी एकोणचाळिसावी धरली आणि पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवलं. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे खाली उभे राहून एकोणचाळीसपासून मोजायला लागत. बाबांनी ही गंमत फोनवर दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा धाकटीनं फोन स्पीकरवर ठेवून ऑफिसच्या मेल बघत 'हो का, अरे वा' केलं होतं.

तेव्हा ती उभी होती ती जुन्या हिशेबानं तीनशे पन्नासाव्या पायरीवर. बापाच्या घराच्या दोन घरं वर. सगळी घरं सरकारी खात्यांनी एका नकाशावर बांधलेली. तेच दार, तीच खिडकी, तोच दोन पायऱ्यांचा ओटा. त्यात धुकं, त्यात अंधार.

तिनं पर्समधली किल्ली काढून कुलपात घातली. किल्ली फिरेना. 'कुलूप बदललं! आणि कुणाला सांगितलंही नाही!' तिनं तक्ता निघण्यापूर्वीच मनात एक फुली मारली आणि बेल दाबली.

आतून पावलं आली. कडी निघाली.

"आज लवकर आलास रे," म्हणत हातात दुधाचं पातेलं घेऊन दारात उभे राहिले ते खुद्द बाबा.

चुकीच्या घराचं दार बरोबर माणसानं उघडलं. आता बोला!

"बाबा!" धाकटीनं बॅग टाकून त्यांना मिठीच मारली. जिवात जीव आला. पातेलं दोघांच्या मध्ये सापडलं. बाबा मात्र जागच्या जागी गोठले. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं, एकदा मागे आतल्या खोलीच्या बंद दाराकडे.

"तू... इथं कशी?"

"इथं कशी म्हणजे? आपल्या घरी यायला परवानगी लागते का?"

"आपल्या घरी," बाबा म्हणाले. "नाही, लागत नाही."

ती आत आली ती भरारी पथकाच्या पावलांनी. आणि भरारी पथकाला पोरांच्या हातातली चिठ्ठी दिसते, वर्ग कुठला ते बघायची त्याला सवय नसते. भिंतींना पोपटी रंग. पडदे नवे, फुलाफुलांचे. आईचं कपाट गायब. त्याच्या जागी एक ठेंगणं टेबल, त्यावर रेडिओ आणि लोकरीचा गुंडा. आणि बाबांच्या अंगात एक मरून स्वेटर, हातानं विणलेला.

"कपाट कुठे गेलं?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठे आहे?"

"जागेवर," बाबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. तीस वर्षं तापमान नोंदवलेला माणूस, त्यात अर्ध्या अंशाचीही भर घालायची सवय नाही.

"आणि आईचा फोटो?"

"तोही आहे. रोज पुसतो."

भिंतीवर फोटोचा पत्ता नव्हता. वस्तू देऊन टाकतात आणि मग त्या आहेत असं वाटत राहतं, हे तक्त्याच्या पाठीमागे छापलेलंच होतं. तिनं पेन काढलं.

"बसा बाबा. सहज काही विचारते."

"सहज विचारताना पेन लागतं?"

"बसा हो!"

बाबा बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, पाहुण्यासारखे. तेही तिनं टिपून घेतलं.

तारीख, वार, महिना सांगितला. तीन गुण. पुढे मात्र घोडं अडलं. डॉक्टरांची फाइल दाखवा म्हटलं, तर "आत्ता इथं नाही." घराचे कागद? "तेही इथं नाहीत." घराची किल्ली? ती त्यांनी खिशातून काढून दिली. धाकटीनं ती आपल्या किल्लीला लावून बघितली. तंतोतंत तीच. उठून दाराला लावली. ती काही फिरली नाही.

"बाबा, ही किल्ली या दाराला लागत नाही."

"नाही लागत," बाबांनी कबूल केलं.

"मग तुम्ही ती खिशात का ठेवता?"

बाबांनी हात पुढे करून किल्ली परत घेतली आणि खिशात ठेवली. धाकटी तशीच स्वयंपाकघरात गेली. चहा तरी करावा, पोटात काही जाऊ दे, मग पुढचं. आधण ठेवलं, चहापत्ती मिळाली, साखर मिळेना.

"साखर कुठे आहे हो?"

"ते... मला नाही माहीत," बाबा म्हणाले. आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं.

स्वतःच्या घरात साखर कुठे आहे ते माहीत नाही! धाकटीनं गॅस बंद केला. पदरानं डोळे टिपले. मग आईची आठवण काढून तरी बघावी म्हणून तिनं हळूच विचारलं, "आई गेली तो दिवस आठवतो?"

"चौदा तारीख, गुरुवार," बाबा लगेच म्हणाले. "पहाटे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर तीन अंश होतं. वारा अजिबात नव्हता. तिनं खिडकी उघडायला सांगितली, आणि मी थंडी बाधेल म्हणून उघडली नाही. ते राहून गेलं."

तक्त्यात याला रकाना नव्हता. तेव्हा गुण द्यायचा प्रश्नच नव्हता. दहापैकी तीन.

तिनं मोबाइल उचलला, खिडकीशी गेली आणि आवाज दाबून दादासाठी निरोप बोलू लागली. दाबलेला आवाज परीक्षा केंद्रावरचा. त्या घरात कुठेही ऐकू येईल असा.

"दादा, मी पोचले. बाबांचं काही खरं नाही रे. आईचा फोटो काढून टाकलाय, कपाट देऊन टाकलंय आणि आठवतही नाही. भलतीच किल्ली घेऊन फिरतात. साखर कुठे असते तेही... दादा, त्यांना स्वतःचं घरसुद्धा ओळखता येत नाहीये. तू आजच गाडी घेऊन ये."

निरोप गेला. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून तिच्याकडे बघत होते. चेहरा पडलेला. पण त्यांनी एक अक्षर काढलं नाही. आपल्याला खुळ्यात काढलं, घरातून उचलून न्यायचं ठरलं, तरी हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसला. धाकटीला वाटलं, बिचाऱ्यांना कळलंही नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

अंगावर शाल, पांढऱ्या केसांची सैल वेणी, डोळ्यांवर जाड चष्मा. धाकटीनं ओळखलं आणि ती चाट पडली. या होत्या वरच्या घरातल्या ऑपरेटरबाई. तिच्या लहानपणी सबंध शहराचे फोन यांच्या हातून जोडले जायचे. लग्न न करता एकट्या राहिलेल्या, कडक, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. त्या बाबांच्या आतल्या खोलीतून, पहाटे, शाल पांघरून?

"तुम्ही? आमच्या घरात?" धाकटीच्या तोंडून एवढंच निघालं.

"घर ओळखता त्यांना येतं," बाई म्हणाल्या. "येत नाही ते तुम्हाला. हे माझं घर आहे. तुमचं अडतीस पायऱ्या खाली आहे. कपाट तिथं आहे, फाइल तिथं आहे, आणि फोटोही तिथंच आहे. रोज संध्याकाळी खाली जाऊन पुसून येतात, मी बघते ना."

पायऱ्या, स्टँड, पटांगण, फोनवरचं ते 'हो का, अरे वा', सगळं एकदम धाकटीच्या डोक्यात आलं. चेहरा असा काही लालबुंद झाला, की भरारी पथकानं पकडलेल्या एकाही पोराचा तसा झाला नसेल.

"आणि साखर?" तिनं विचारलं. कुठेतरी एक गुण वाचवायची धडपड असावी.

"साखर त्यांना सापडत नाही, कारण ती मी लपवते. मधुमेह आहे. सोळा महिने झाले. रात्री उठून चमच्यानं खातात."

"दोनदाच खाल्ली," बाबा म्हणाले.

"चारदा."

धाकटी बापाकडे वळली. आता तिला राग आला, आणि तो शरमेपेक्षा बरा म्हणून तिनं तो मोकळा सोडला. "मग बोलायला काय झालं होतं तुम्हाला? मी इथं तुम्हाला वेड्यात काढतेय, दादाला बोलावतेय, आणि तुम्ही ढिम्म! एक शब्द बोलला असतात तर?"

"काय बोललो असतो?" बाबा म्हणाले. "यांचं नाव यांना न विचारता कसं सांगायचं? आणि हळू विचारायला तू जागा कुठे ठेवलीस?"

"कधीपासून हे?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि दर रविवारी आम्हाला सांगत होतात, घरीच आहे म्हणून!"

"घरीच होतो," बाबा म्हणाले.

धाकटीला रडू आलं, आणि ते आईसाठी नव्हतं, असं ती पुढे कधी तरी स्वतःशी कबूल करील. बाबा आपल्यावाचून सुखात आहेत, आणि तिघांपैकी एकालाही त्याचा थांग नाही, याचं ते होतं. काळजीचा एवढा मोठा ग्रुप काढला, खोली रंगवली, दांडा बसवला, आणि हा गृहस्थ इथं पोपटी भिंतीत बसून कुणाकडून तरी साखरेसाठी बोलणी खातोय.

बाई स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, बसू की नको अशा. मघाचा कडकपणा ओसरला होता. शालीचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. बाबा उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बावीस वर्षांत धाकटीनं हजारभर पोरं पकडली असतील. प्रत्येकानं हातातली चिठ्ठी टाकून एकच वाक्य म्हटलं होतं, 'मॅडम, ही माझी नाही.' बाबांनी तसं काही केलं नाही. त्यांनी पोरीदेखत बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मोबाइल वाजला. दादा.

"ऐकला निरोप," तो म्हणाला. आवाजात झोप आणि कर्तव्य यांची सरमिसळ. "मला वाटलंच होतं. निघतोच अर्ध्या तासात. ताईलाही कळवलंय. तू तोवर त्यांची बॅग भरून ठेव. विरोध करतायत का फार?"

"थांब."

"काय झालं? बरे आहेत ना?"

धाकटीनं समोर बघितलं. तिकडे दोघंही तिच्या एका शब्दाची वाट बघत उभे होते. बाहेर धुक्यात उजाडायला लागलं होतं आणि ओट्यावर खरा दूधवाला किटली वाजवत होता.

"दादा," ती म्हणाली, "बाबांना मधुमेह आहे. तुला माहीत होतं?"

"मधुमेह? कधीपासून?"

"ताईला?"

"नाही... ती बोलली असती ना."

"मलाही नव्हतं," धाकटी म्हणाली. "गाडी आणू नकोस."